कलमाभोवतीचं कुंपण

कुंपण कसं घालू नये हे मी माझ्या नवऱ्याकडून शिकले. त्यांनी ते दोन वर्षं, तीन प्रकारांनी आणि अगदी मन लावून शिकवलं. आता ते नाहीत, उलट उत्तर द्यायला कोणी नाही, तेव्हा सगळं सांगून टाकते.

पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. पिंपरीला नवा कारखाना निघाला होता आणि आमचे हे तिथे ड्रॉइंग ऑफिसात लागले होते. आम्ही दोघंही मूळचे राजापूरकडचे. चिंचवडहून चिखलीकडे जी गाडीवाट जायची, तिच्या कडेला ह्यांनी जमिनीचा एक तुकडा घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. तेव्हा तिकडे होतं काय? ज्वारी, बाभळी, वारा आणि रविवारी पोहे खायला येणारे ह्यांचे मित्र. जमीन काळी कुळकुळीत. पावसाळ्यात पाऊल टाकलं की चप्पल आत आणि आपण बाहेर. उन्हाळ्यात तीच माती अशी फाटायची की एका भेगेत माझं उलथनं पडलं ते गेलंच, आजतागायत सापडलेलं नाही. घराचा पाया खणताना गवंडी मुरूम लागेपर्यंत खाली गेला होता, तर हे काठावर उभे राहून 'एवढं खोल कशाला, विहीर काढतोयस का?' म्हणून कुरकुरत होते. गवंड्याने ऐकलं नाही म्हणून घर उभं राहिलं.

इथे राहायला आले तेव्हा आईने मला आंब्याचं एक कलम दिलं होतं. हापूसचं. आमच्या गावी खोतांची बाग होती, तिथे आई मोसमात कलमं बांधायला जायची. तिच्या हाताने बांधलेलं कलम मरायचं नाही, अशी ख्याती. मडक्यासकट मांडीवर घेऊन मी ते एस.टी.ने घाटावर आणलं. आईने बजावून सांगितलं होतं, "हा जोड बघ. जोडाच्या वर फुटेल तो हापूस. जोडाच्या खाली साध्या कोयीचं रोप असतं, तिथे काही फुटलं तर दयामाया न करता खुडायचं, नाही तर ते वरच्याला खाऊन टाकील."

आणि आणखी एक गोष्ट होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. माझ्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पदरात काही नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनी मान हलवून सांगितलं होतं की आशा फार धरू नका. आईला हे सांगितलं तर ती उठून खोतांच्या बागेत निघून गेली. मग कलम माझ्या हातात देताना म्हणाली, "पोर नाही तर नाही. हे झाड तुझ्या खांद्याला लागलं की मला पत्र घाल. नातवंड समजून येईन बघायला." आईने जन्मात घाट चढला नव्हता आणि रीत मोडली नव्हती. रीत न मोडता तिच्यातून वाट काढणारी बाई होती ती. मला आईला माझ्या घरात बसलेली बघायची होती. एवढंच हवं होतं, आणि ते सगळं त्या वीतभर रोपावर येऊन ठेपलं होतं.

आता शेळ्यांकडे येते.

आमच्या मागच्या अंगाला मुलाण्यांचं घर होतं, पिढ्यान्‌पिढ्या गावातलंच. त्या घरची भाभी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, अंगाने काटक, आवाज असा की चिंचवडच्या फाटकावर ऐकू जावा. तिच्या सात शेळ्या. मी कलम लावलं त्याच दिवशी ती बांधावर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, ह्ये असं उघडं नगा ठेवू. माज्या शेळ्या लई वंगाळ हायत. भोवतीनं शेर लावा. शेराला शेळी तोंड लावत न्हाई."

शेर म्हणजे ते बिनपानाचं हिरवं झुडूप, नुसत्या काड्याच काड्या, मोडलं की दुधासारखा चीक. भाभीच्या घराभोवती चांगलं पुरुषभर उंच वाढलेलं होतं. मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर हे हसायलाच लागले.

"शेळ्यांची मालकीण आपल्याला कुंपण सुचवतेय! म्हणजे चोराने कुलपं विकायला बसावं तसं झालं."

"चोराइतकं कुलूप कळतं कोणाला?" मी म्हटलं.

पण ड्रॉइंग ऑफिसातला माणूस शेळ्यावालीचं ऐकतो होय! ह्यांनी रविवारी मित्रांना बोलावलं. कुंपण या विषयावर विचारविनिमय करायला. मी मेली पोहे परतत बसले.

त्या नव्या कारखान्यात माणसं आली होती बारा गावची, आणि प्रत्येकाने येताना आपल्या गावचं कुंपण डोक्यात घालून आणलं होतं. साताऱ्याकडचे एक कारकून होते, ते म्हणाले, घायपातीसारखं कुंपण नाही, जाड काटेरी पाती, पन्नास वर्षं बघायला नको. मराठवाड्याकडचे एक फिटरभाऊ होते, ते म्हणाले, काळ्या मातीचं आम्हाला सांगू नका, आम्ही काळ्या मातीतच जन्मलो, बाभळीची काटी टाका, माणूस काय, साप शिरणार नाही. आमचे हे म्हणाले, कोकणात गडगा घालतात, दगडावर दगड, चुना नको, माती नको, शंभर वर्षं उभा. तिघांनी मिळून दोन परात पोहे संपवले आणि बाहेर जाऊन पायाखालच्या मातीकडे एकानेही बघितलं नाही. बघितलं असतं तर हात मळले असते ना!

पहिला मान साताऱ्याला मिळाला. घायपातीची रोपं आली, ह्यांनी दोरी लावून, टेप धरून, फूट-फूट अंतरावर ती लावली. दिसायला फार छान. पण घायपात वाढते आपल्या मनाने, तीन-चार वर्षांनी. तोवर दोन रोपांच्या मधून शेळी अशी आत यायची जशी नवी सून उंबरठा ओलांडते, एकेक पाय उचलून. कलमाची कोवळी पालवी तिने खुडून नेली. भाभी धावत आली, शेळीच्या पाठीत रट्टा घातला, आणि मलाच म्हणाली, "म्यां सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं होतंत हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग मराठवाड्याची पाळी. फिटरभाऊंनी बैलगाडी भरून बाभळीची काटी आणवली. घरासकट भोवताली रचली. तीन दिवस आमच्याकडे कोणी फिरकलं नाही, दूधवालाही नाही, कारण त्यालाच वाट सापडेना. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर भाभीच्या साती शेळ्या आणि वर गावातल्या कोणाकोणाच्या आणखी दहा-बारा, काटीला बिलगून उभ्या! बाभळीच्या शेंगा म्हणजे शेळीला लग्नाचं जेवण. आमच्या घरच्या आमंत्रणावरून पंगत बसली होती. ज्या शेळ्यांना आमचं घर ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. शेंगा संपल्या, पाला संपला, उरलेल्या काटक्यांना पावसाळ्याआधीच वाळवी लागली. फिटरभाऊ म्हणाले, "आमच्याकडची बाभळ वेगळी राव, इथली कच्ची." म्हणजे चूक झाडाचीच.

कलम मात्र चिवट. वाट मोकळी होताच शेळ्यांनी दुसऱ्यांदा खुडलं तरी जोडाच्या वर फुटलं. मी रोज सकाळी खांदा लावून बघायची. कधी गुडघ्याला यायचं, कधी परत घोट्याला. आईचं पत्र यायचं, गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं: 'झाड कुठवर आलं?' मी लिहायची, 'येतंय.'

शेवटी कोकणाचा मान आला. ह्यांनी चैत्रात गडगा घालायला घेतला. ड्रॉइंग काढलं. खरंच काढलं हो, निळ्या कागदावर, बाण-बिण दाखवून! शिफ्ट सुटली की काळे दगड वाहून आणायचे, आणि कलमाभोवती चारी बाजूंनी छातीएवढा गडगा रचायचे. मन लावून करायचे, ते मी नाकारत नाही. हाताला घट्टे पडले होते. मी हळद लावून द्यायची आणि मनात म्हणायची, करतोय तर खरं, आपल्यासाठीच करतोय.

भाभी पुन्हा बांधावर. "दादा, ह्या मातीत दगुड ऱ्हात न्हाई. उन्हाळ्यात ही फाटती, पावसात फुगती. खाली मुरूम लागंस्तवर गेला असता तर गोष्ट येगळी. न्हाईतर शेर लावा की. माती हलली तर त्यो बी हलतुय, मोडत न्हाई."

हे मला आत येऊन म्हणाले, "हिला गडगा नकोच आहे. शेळ्यांचं चरणं बंद होईल ना!"

आता इथे मी माझीही चूक सांगते. मला तेव्हा ह्यांचंच पटलं. मनात आलं, खरंच, तिला काय पडलंय आपल्या झाडाचं? आणि एक गोष्ट माझ्या मनात खुपायची. एवढा शेर-शेर करते, तर चार फांद्या स्वतः आणून का देत नाही? तिच्या दारात रान माजलंय त्याचं. नुसतं तोंडाने सांगायचं, हात पुढे करायचा नाही. म्हणजे दाल में कुछ काला. अशी मीही ह्यांच्याच पंगतीला जाऊन बसले.

गडगा पुरा झाला. एकही शेळी आत जाईना. हे रोज संध्याकाळी गडग्यावर हात टेकून उभे राहायचे, वाटेने जाणाऱ्याला हाक मारायचे, "हापूस आहे बरं का! देवगडचा नाही, राजापूरचा!" जणू काही त्या वाटेने जाणारा ज्वारीवाला त्यासाठीच अडला होता. कलम वाढायला लागलं. आषाढात माझ्या कमरेच्या वर आलं. मी आईला पत्र घातलं, 'दिवाळीपर्यंत खांद्याला लागेल.'

श्रावणात एका दुपारी मी ज्वारी निवडत बसले होते. चार-पाच दिवस झड लागून नुकतीच उघडीप झाली होती. मागे धप्प असा आवाज झाला, मग गडगड. जाऊन बघते तर गडग्याच्या पूर्वेच्या बाजूने आधी पोट काढलं होतं आणि आता ती सगळी आतल्या बाजूला झोपली होती. आतल्या बाजूला काय होतं ते सांगायला नको.

कलम जोडाच्या वर चार बोटांवर मोडलं होतं. वरची सगळी पालवी दगडाखाली. शेळ्यांनी दोन वर्षांत जे केलं नाही ते आमच्या कुंपणाने एका मिनिटात केलं. आणि भाभीची एक शेळी त्या पडलेल्या दगडांवर चढून इकडेतिकडे बघत उभी होती, तिला तर ते आयतंच झालं!

त्या संध्याकाळी मी ह्यांना बोलले. फार बोलले. "तुमच्याच्याने एक कुंपण झालं नाही," म्हटलं. "मला मूल नाही, निदान एक झाड होतं, ते तुम्ही दगड घालून मारलंत. आता माझी आई माझ्या दारात कधी येणार नाही, आणि ते तुमच्या ड्रॉइंगमुळे." ते पायातले बूटही न काढता मागे गेले आणि एकेक दगड उचलून बाजूला ठेवायला लागले. ते बघून माझा राग आणखी वाढला, कारण रागवायला समोर माणूसच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि भाभीच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भाभी, मला शेर द्या."

ती चुलीसमोर होती. फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "आत्ता मागितलात! दोन वरसं झाली, वाट बघतीय."

"मग आणून का नाही दिलात? दारात एवढा माजलाय."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच खुळी. "आपन होऊन शेजाऱ्याच्या दारात कुंपान न्येऊन टाकत्यात व्हय? त्येचा अर्थ काय हुतो? की बाई, तुजं तोंड दिसाया नगं. सांगायचं आपलं काम. मागायचं तुमचं. मागितल्याबिगर कुंपान दिलं की जल्माचं भांडान लागतंय. एवढं बी ठाव न्हाई?"

नव्हतं ठाऊक. आमच्याकडे गडगा घालायला कोणाला विचारावं लागत नाही. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि भाभीला वाटलं धुराने आलं, तिने मला बाहेर बसवलं.

मग सूत्रं भाभीच्या हातात गेली. आधी ती येऊन मोडलेल्या बुंध्यावर शेण आणि मातीचा लपका देऊन गेली. शेर मात्र लगेच लावू देईना. "आत्ता पानी साचतंय, कुजून जाईल. गौरी-गणपती जाऊ द्या." तोवर बोरीच्या काट्या रोवल्या आणि आपल्या साती शेळ्या दाव्याला बांधल्या. दीड महिना त्यांना घरी पाला तोडून घातला. हे मी डोळ्यांनी बघितलं. पाऊस ओसरल्यावर तिने फांद्या तोडल्या आणि मला दटावलं, "चीक डोळ्यात जाऊ दिऊ नगा, आंधळ्या व्हाल." त्या आमच्या वळचणीला चार-पाच दिवस पडू दिल्या, चीक वाळेपर्यंत. ह्यांनी टोपल्या भरभरून मुरूम आणला आणि भोवताली हातभर उंच वरंबा घातला, पाणी निघून जावं म्हणून. त्या वरंब्यावर दोन ओळींत फांद्या खोचल्या. ह्यांनी दोरी आणली होती सरळ ओळ धरायला. भाभी म्हणाली, "दोरी ऱ्हाऊ द्या दादा, धुनं वाळत घालाया होईल." ह्यांनी मुकाट्याने दोरी गुंडाळली. तो माणूस एवढ्या मुकाट्याने काही करताना मी पहिल्यांदाच बघितला.

शेर लागला. पाणी नाही, खत नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात गुडघ्याच्या वर. माती फाटली तेव्हा किंचित कलला, पावसात परत उभा. शेळ्या यायच्या, हुंगायच्या आणि नाक उडवून निघून जायच्या. रविवारच्या मंडळींनी येऊन पाहणी केली. कारकूनसाहेब म्हणाले, शेर म्हणजे घायपातीचाच भाऊ. फिटरभाऊ म्हणाले, काळ्या मातीत हेच चालतं, मी तेव्हाच म्हणणार होतो. मी पोहे केले नाहीत. नुसता चहा दिला.

आणि झाड? झाड फुटलं. पण कुठे फुटलं ते फक्त मला ठाऊक होतं. लपका सुकून गळून पडला तेव्हा मी खाली वाकून बघितलं. वरचं चार बोटं खोड काळं पडून मेलं होतं. फूट आली होती ती जोडाच्या खालून.

दयामाया न करता खुडायचं, असं आईने सांगितलेलं. मी नख लावलं होतं. खरंच लावलं होतं. लाल-तांबूस पालवी होती, ओली. खुडली नाही. ह्यांना काही सांगितलं नाही. हे आपले वाटेवरच्या माणसाला हाका मारत होते, "पुन्हा फुटला बरं का हापूस! जात आहे ती!" मी आत दात-ओठ खात भांडी घासत होते.

जोडाखालचं ते रानटी पोर भराभर वाढलं. दोन वर्षांत खांद्याला लागलं. मी पत्र घातलं. काय करणार, मला आई हवी होती. पत्र पेटीत पडल्यावर हात आत घालून बघितला, पोचेना. ती बघताक्षणी ओळखणार. कलमं बांधण्यात जन्म गेलेली बाई, तिला कोण फसवणार? आणि ओळखलं की पाठ फिरवून जाणार. नातवंड म्हणून आणलं आणि निघालं भलतंच.

आई आली होळीच्या सुमाराला. डोक्यावर गाठोडं, उन्हाने तोंड लाल झालेलं. दारात आली, आत आली नाही. म्हणाली, "आधी झाड दाखव."

मागे गेलो. भाभी तिच्या बांधावर उभी होतीच. आईने आधी कुंपणाभोवती एक फेरी घातली, शेराची एक काडी चिमटीत धरून सोडून दिली. म्हणाली, "झकास आहे. जावयाने केलेलं दिसत नाही." भाभी पदर तोंडाला लावून हसली. हे मात्र पुढे झाले. छाती काढून म्हणाले, "आई, हा तुमचा हापूस."

आई झाडापाशी खाली बसली. पालवी बघितली नाही, पानं बघितली नाहीत. बुंध्यावरून हात खाली नेला, जोडावर थांबला. अंगठा त्या मेलेल्या काळ्या खुंटावरून फिरवला. मला वाटलं, आता उठेल.

"हापूस कसला," आई म्हणाली. "हापूस मेला. जोडाच्या वरचा सगळा मेला."

ह्यांचा चेहरा असा पडला की मला त्याही वेळी दया आली. मी म्हटलं, "आई, मला ठाऊक होतं गो. खुडवलं नाही मला."

आई माझ्याकडे न बघताच बोलत होती, हात बुंध्यावर तसाच. "वरचा फाटा खोतांचा होता. मडकं त्यांच्या झाडापाशी नेऊन बांधलेला, त्यांच्याकडून मागून घेतलेला. गेला तर गेला. खालची कोय आपली. तुझ्या लग्नाच्या उन्हाळ्यात परसातला रायवळ आंबा खाल्लास, चोखून कोय चुलीमागे फेकलीस, आठवतं? मी ओरडले होते. तीच रुजवली मी." मग झाडाचा आधार घेऊन ती उठली. "हे तुझंच आहे गो. जा, पाणी आण. घसा सुकलाय."

मी खाली वाकून त्या जोडाला हात लावला. हेच धावत आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले, अर्धं पाणी वाटेत सांडलं. आई तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायली, माझ्या घरचं, आणि तळाशी उरलं ते तिने बुंध्यात ओतलं.